खाडीतली मगर

पाण्याच्या टँकरच्या डिझेलचा वास आला की मला कोकणातल्या खाडीतली ती होडी आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं, तरी आमच्या दूध संस्थेनं सभासदांची सहल काढली होती. नवऱ्यासोबत मीही गेले होते.

होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "समोर चिखलात मगर ऊन खात पडलीय. आवाज करू नका."

मी मान उंचावली. तेवढ्यात माझ्यापुढं बसलेला नवरा आणि संस्थेचे अध्यक्ष यांच्यात चारा छावणीवरून जुंपली.

"आमच्याच जनावरांला का म्हून कमी चारा?" म्हणत नवरा उठला. अध्यक्षही उठले. मला दोन पाठींशिवाय काही दिसेना.

"खाली बसा की! लई लांबून आलोय आपण," मी ओरडले.

समोर पाण्यात धप्पकन आवाज झाला. ते बसले, तोवर चिखलावर पोट घासल्याचा ओला पट्टा तेवढा उरला होता.

आज कळतं, उपाशी जनावरं मागं ठेवून आलेल्या त्या माणसांचं मन होडीत नव्हतंच. तरी राग जात नाही. भांडणं मी जन्मभर पाहिली. मगर एकदाच समोर आली होती, तीही दिसली नाही.