भाऊजींचा लाल फिल्टर

आमच्या चाळीत भाऊजींचं तोंड ओळखणारी माणसं कमी आणि पाठ ओळखणारी जास्त. रविवारी सकाळी लालबागच्या आमच्या गल्लीत शिरलं की गाडीचं बॉनेट उघडं आणि त्यात कमरेपर्यंत गेलेला एक माणूस, एवढंच दिसायचं. दूधवाला त्या पाठीला नमस्कार करायचा, पेपरवाला त्या पाठीशी गप्पा मारायचा. गाडी बिघडलेली नसायची. बिघडलेली नसली म्हणूनच ते आत डोकं घालायचे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिले. हिंदमात्याला एका साडीच्या दुकानात गादीवर बसायचे. समोरच्या बाईच्या मनातला रंग तिच्या आधी यांना कळतो अशी त्यांची ख्याती. पण दिवसभर गिऱ्हाइकं पटवणारा हा माणूस स्वतः दुसऱ्या दुकानदारापुढे उभा राहिला की लहान मुलासारखा पटायचा. ऑपेरा हाऊसला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे तर ते हमखास पटायचे.

गाडी साधी, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. छोटं इंजिन. मुंबईत कुरकुर न करता चालायची. पण गणपतीला गावी जाताना गाडीत आम्ही चौघं, वर मखर, बॅगा, वाटायच्या साड्या, आणि कशेडीचा घाट लागला की तिचा जीव घाबरा व्हायचा. मग भाऊजी मुकाट्याने एसी बंद करायचे. एसी बंद केला की इंजिनाला जरा उसंत मिळायची आणि गाडी रडतखडत वर जायची. सगळे चाकरमानी असंच करतात. आम्हीही बरीच वर्षं केलं.

मग आईंना दमा जडला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, कापसाच्या धुळीत काढलेली वर्षं म्हातारपणी छातीत येऊन बसली. धुरळा लागला की धाप, उकडलं की धाप. एका गणपतीला घाटात एसी बंद केल्यावर त्यांचे जे हाल झाले, ते बघून पुढच्या वर्षी आम्ही त्यांना नेलंच नाही. यांनी आरामदायी गाडी भाड्याने करू म्हणून बघितलं. रेल्वेची तिकिटं तर सुटल्या सुटल्या संपतात. पण आईंचं एकच. "माका बाबूच्या गाडयेतसून आंगणात उतराचा आसा. भाड्याच्या गाडयेतसून उतराचा तर यष्टी काय वायट होती?"

सासरे गेल्यावर भावकीने त्यांना फार ऐकवलं होतं म्हणे, मुंबईत राहून काय मिळवलंत म्हणून. त्या अंगणात धाकट्या मुलाच्या गाडीतून उतरणं हे त्यांचं उत्तर होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण भाऊजींना ते कळलं होतं. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. घाटात एसी चालू ठेवून गाडी चढली पाहिजे. मोठी गाडी झेपणारी नव्हती. मग असलेल्या गाडीतच जोर कुठून आणायचा?

आधी आला पंखा. पंखा म्हणजे पातळ पत्र्याची एक फिरकी. हवा इंजिनात जाते त्या नळीत ती बसवायची, म्हणजे हवा गोल फिरत आत जाते आणि पिकअप वाढतो, असं ऑपेरा हाऊसच्या सेठने सांगितलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पण बायकांना रंग जाणार नाही असंच सांगता ना?"

"आमचा रंग खरंच जात नाही हो, वहिनी," ते दुखावून म्हणाले.

पंख्याने काही झालं नाही. महिनाभराने तो निघाला आणि लाल फिल्टर आला. कंपनीने इंजिनावर जो काळा प्लॅस्टिकचा डबा दिलेला असतो, ज्यातून हवा गाळून आत जाते, तो अख्खा काढायचा आणि त्याच्या जागी हा लाल, जाळीचा, शंकूसारखा फिल्टर उघडाच लावायचा. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. काळा डबा आमच्या पलंगाखाली गेला. गाडी सुरू केली तशी घुमल्यासारखा आवाज आला, आणि भाऊजींचा चेहरा असा फुलला की पुढे काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. "ऐका, वहिनी. आता मोकळा श्वास घेतेय."

पण भाऊजी नुसत्या आवाजावर भुलणारे नव्हते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून परीक्षा घ्यायची ठरली. रविवारी उजाडता उजाडता आम्हा सगळ्यांना गाडीत बसवायचे. मागे डिकीत बॅगांच्या वजनाइतके पाण्याचे भरलेले कॅन. एसी चालू. आणि गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलचा चढ. पुढच्या सीटवर आई, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर चहाचा थर्मास. एकदा हवालदाराने अडवलं, डिकी उघडायला लावली आणि विचारलं, "एवढं पाणी कुठे नेताय?" भाऊजी म्हणाले, "कुठे नाही साहेब. आईला घाट चढवायचाय." त्याने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

वर पोचलं की निकाल आईंनी द्यायचा. आई म्हणजे मन राखायला गोड बोलणं ज्यांना उभ्या जन्मात जमलं नाही अशी बाई. मला बघायला आल्या तेव्हा माझ्या आईच्या तोंडावर चहा पांचट आहे म्हणून सांगून मोकळ्या झालेल्या. भाऊजी वळून विचारायचे, "काय गो आये, फरक वाटता?" आई विचार करून सांगायच्या, "माका काय फरक वाटना नाय. आवाज तेवढो वाढलो." भाऊजी हिरमुसायचे. पण चढताना गाडीने एसीसकट कुरकुर केलेली नसायची, एवढ्यावर ते आपली समजूत घालायचे. मग बागेच्या कठड्याशी उभं राहून थर्मासमधला चहा, समोर सगळी चौपाटी, आणि आई मोठ्या श्वासाने म्हणायच्या, "हय बरा वाटता." त्या फिल्टरने दुसरं काही केलं नसेल, पण घराबाहेर न पडणाऱ्या त्या बाईला कितीतरी सकाळी समुद्र दाखवला. मला तर आता वाटतं, आमच्या घरात त्याच्याइतकं सुख त्या वर्षी दुसऱ्या कशानेच दिलं नाही.

त्या गणपतीला भाऊजींनी जाहीर केलं की आई येणार.

पनवेल सोडलं आणि गाड्यांची रांग लागली. ऊन चढत गेलं. गाडी पुढे सरकेना, इंजिन मात्र चालूच. माणगावात तर माणसं गाडीतून उतरून भजी खाऊन परत येत होती. आई खुशीत होत्या. काचा बंद, गार वारा, त्यांनी आरतीसुद्धा म्हटली. आणि कशेडीचा पहिला चढ लागला तशी गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्येही ओढेना. मागून हॉर्न. भाऊजींनी दात आवळून एक वळण काढलं, दुसऱ्याला एसी बंद केला. काचा लावाव्या तर घुसमट, उघडाव्या तर ट्रकचा धूर. आईंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी लाल फिल्टरला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग परत लावला. खात्री करून घ्यायला.

"वहिनी, ही गरम हवा खातेय," ते म्हणाले. "इंजिनाचीच. तो डबा पुढची बाहेरची थंड हवा घ्यायचा. मी तोच काढून ठेवला."

"मग मलबार हिलला कशी चढायची?"

"तिथे पहाटे गार असायचं. रस्ता मोकळा. तापायला वेळच कुठे मिळायचा." बॉनेटच्या आड ते तसेच उभे राहिले. माझ्या हातातली बाटली घेऊन त्यांनी दोनदा तोंडावर पाणी मारलं. मी दुसरीकडे बघितलं.

इंजिन जरा निवल्यावर आम्ही पुन्हा निघालो. गाडी तशीच, कुथत कुथत. एका हाताने डॅशबोर्ड धरून बसलेल्या आईंनी भाऊजींकडे बघितलं. मुलाचा चेहरा बघून त्यांना काय कळलं कोण जाणे. दोन श्वासांच्या मध्ये जेवढं बोलता आलं तेवढं बोलल्या. "बाबू, आता बरी ओढता हां गाडी. फरक पडलो."

भाऊजींनी समोर बघतच मान हलवली. "होय गो आये. पडलो."

मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. यांनी माझा हात घट्ट धरला.

पुढच्या वळणाला आईंचे ओठ निळसर दिसायला लागले. गाडी फिरवली. खाली पोलादपुरात एका डॉक्टरांनी वाफ दिली, ऑक्सिजन लावला आणि आईंना पुढे नेऊ नका म्हणून बजावलं. गावचा गणपती खोळंबून चालत नाही. थोरले म्हणून हे तिथून बॅग घेऊन एसटीने पुढे गेले. आम्ही तिघं परत आलो. लालबागेत शिरलो तेव्हा सगळीकडे ढोल वाजत होते आणि आई मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या.

त्या थंडीत आई गेल्या.

तेरावं झालं आणि भाऊजींनी पलंगाखालचा काळा डबा काढला, पुसला, जागेवर बसवला. गाडी पूर्वीसारखी चालायला लागली. चाळीतला कोणी विचारायला आला की माझ्या गाडीला तो लाल फिल्टर बसवू का, तर म्हणायचे, "नको रे. नुसता आवाज वाढतो. पैसे साठव आणि आहे तो फिल्टर वेळेवर बदल." एवढंच. रविवारी बॉनेट उघडणं बंद झालं. दूधवाल्याने मला एकदा विचारलं, "भाऊ गावी गेलेत का?"

एकदा मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले. "वहिनी, डबा काढला नसता तर आई पोचली असती का?"

"एसी आधीही बंद करावाच लागायचा, भाऊजी."

"करावा लागायचा. पण कदाचित थोडा उशिरा लागला असता. वरच्या वळणांपर्यंत गेली असती." मग माझ्या ताटातली पालकाची एक जुडी ओढून घेऊन तेही निवडायला बसले. मलाही माहीत नव्हतं. आजही नाही.

भाऊजी गेले ते दुकानात, गादीवर बसल्या बसल्या. समोरच्या बाईला साडीचा पदर उलगडून दाखवत होते म्हणे. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. वय जाण्याचं नव्हतं. मी त्यांना मुलासारखं वागवलं नाही, दिरासारखंही नाही. आमच्या घरात एक माझं माणूस होतं, ते गेलं.

गेल्या गणपतीला आम्ही दोघंच त्यांची गाडी घेऊन गावी निघालो. आता कशेडीला बोगदा झालाय, सगळ्या गाड्या त्यातून झर्रकन निघून जातात. यांनी मला न विचारता गाडी जुन्या घाटाच्या रस्त्याला घातली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिला चढ आला तसा माझा हात आपोआप एसीच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," हे म्हणाले.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एकेक वळण घेत वर गेली. काचा बंद होत्या, आत गार होतं. कुठे अडली नाही, तापली नाही. घाटमाथ्यावर यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"एसीसकट चढली हो," मी म्हटलं.

"चढणारच," हे म्हणाले. "दोन माणसं कमी आहेत."