वास धुऊन टाकू नका

"आयसोव्हॅलेरिक ॲसिडीमिया," डॉक्टर म्हणाले आणि माझी धाकटी बहीण शालू ढसाढसा रडली. मी रडले नाही. माझा जळफळाट झाला. तिच्या पोराच्या आजाराला नाव मिळालं. माझी सुजाता बिननावाच्या आजारानं गेली होती.

आम्ही सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या, सक्करदऱ्याला एकाच चुलीवर नांदणाऱ्या. सुजाता माझी पहिली. उलट्या व्हायच्या, मग ग्लानी, आणि अंगाला दिवसभर घातलेल्या मोज्यांसारखा वास. सासूबाई म्हणायच्या, "पोरीले धड आंघोळबी घालत नाहीस काय वं?" मी तिला बेसन लावून घासायची, धुरी द्यायची. ताकद यावी म्हणून डाळीचं दाट पाणी पाजायची. ती गेली आणि मला गलिच्छ ठरवून गेली.

मग शालूला मिलिंद झाला. गोबरा, हसरा, सासूबाईंच्या मांडीवरून न उतरणारा. माझी कूस पुन्हा उजवली नाही. शालू त्याला पाजायला बसली की मी उठून अंगणात जायची. बहीण असली म्हणून काय झालं, जीव जळायचा तो जळायचाच.

दात येताना त्याला ताप आला, उलट्या लागल्या. मी उचललं तर मानेपाशी तोच वास! शालू न्हाणीत पाणी काढत होती.

"आंघोळ नको घालू! असाच घे अन् चल दवाखान्यात."

"असा घाणेरडा? काहून वं ताई?"

"चल म्हटलं ना!"

रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी डॉक्टरांना सांगितलं, "माझ्या पोरीलेबी असाच वास येत होता. सारे म्हणत, आईच गलिच्छ." डॉक्टरांनी मिलिंदच्या मानेला नाक लावलं. दूध बंद केलं, साखरेचं सलाईन चढवलं आणि त्याची लघवी बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवली.

चार दिवस दवाखान्यातल्या बाकड्यावर वाट पाहत बसलो. शालू माझा हात सोडत नव्हती. खोटं कशाला सांगू, तो जगावा असं वाटत होतं, आणि हा जगणार मग माझीच का नाही, असंही वाटत होतं.

रिपोर्ट आला. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे करतं आणि तुकड्यांच्या वजनांवरून पदार्थ ओळखतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मिलिंदच्या शरीराला दूध-डाळीतल्या प्रोटीनचा एक भाग पचवता येत नव्हता. त्याचं आम्ल रक्तात साचायचं. वास त्याचाच. ताकदीचं म्हणून मी जे पाजत होते, तेच सुजाताला बाधत होतं.

"वासावरून नुसता संशय येतो, बाई. खात्री या यंत्रानं झाली. आपल्याकडे असं यंत्र नव्हतं तेव्हा ही लेकरं कशानं जातात, हे आम्हा डॉक्टरांनाही कळत नव्हतं."

"मग माझ्या पोरीच्या वेळी काय चुकलं जी?"

"तुमचं काहीच नाही. ती या यंत्राच्या जरा आधी जन्मली."

मला त्या न पाहिलेल्या यंत्राचाही राग आला. कुठं होतं मेलं तेव्हा?

मिलिंद वाचला. आता त्याचं दूध, डाळ, सारं मापून. सासूबाईंनी मला कधी 'चुकलं वं' म्हटलं नाही, पण मी स्वयंपाकाला लागले की आता माझे हात निरखत नाहीत. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांचं भलं होवो. आणि आयांनो, लेकराच्या अंगाला चमत्कारिक वास आला तर धुऊन टाकू नका. आधी दवाखाना, मग आंघोळ.

आजही रोज सकाळी, अंगावर पाणी घालण्याआधी, शालू मिलिंदला माझ्यापुढे उभा करते. "ताई, हुंगून पाह्य वं."

मी त्याच्या मानेत नाक खुपसते. खोबरेल आणि झोपेचा वास. "काही नाही," मी सांगते. शालू सुटकेचा श्वास सोडते आणि तो हसत न्हाणीकडे पळतो.

मी तिथंच बसून राहते. त्याला तो वास कधीच येऊ नये. पण माझ्या लेकीची तेवढीच खूण मला ठाऊक आहे, आणि रोज सकाळी नाक तीच शोधतं.