पाणबुड्याची काच

गेल्या वर्षी आमच्या खराडीच्या ऑफिसात एक काम आलं. परदेशातल्या एका कंपनीला पिनबॉलची जुनी मशिनं मोबाइल गेममध्ये जशीच्या तशी उतरवून हवी होती. काचेखाली उतरता फळा, त्यावरून घरंगळणारी लोखंडी गोळी आणि ती खाली पडू नये म्हणून बटणं दाबून हलवायची दोन पाती, एवढाच तो खेळ. चाळीसांतून बारा मशिनं निवडायची होती आणि ती यादी माझ्याकडे होती. निवडीचे नियमही मीच लिहिले. पहिलाच नियम असा, की मशीनवरचं मूळ चित्र शाबूत हवं. तो लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

हे सगळं मी घरी अण्णांना सांगितलं, तिथेच चुकलं. अण्णा म्हणजे माझे वडील. कॅम्पातल्या एका गेम पार्लरमध्ये ते मेकॅनिक होते आणि तिथलं एकुलतं एक पिनबॉल त्यांनी अठरा वर्षं सांभाळलं. त्यावर समुद्राच्या तळाशी उतरलेल्या पाणबुड्याचं चित्र होतं. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, वारज्याला माझ्याकडे असतात आणि हात इतका थरथरतो की त्यांना चहा अर्धा कपच द्यावा लागतो. यादीचं कळल्यापासून मी चपला काढायच्या आत ते विचारायचे, "आपलं घेतलं का?" आयुष्यभर त्यांनी जे केलं त्यातलं कुठे काही दिसण्यासारखं उरलं नव्हतं. ते एवढं एक मशीन उरावं, अशी त्यांची इच्छा होती. खरं सांगायचं तर माझीही होती.

त्या मशीनचा दुसरा नमुना कंपनीला जगात कुठे मिळत नव्हता. आमचा मिळाला. पार्लरच्या मालकांच्या मुलानं तो बुधवार पेठेत आपल्या दुकानामागच्या गोदामात ठेवला होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "या, बघा, हवं तर घेऊन जा. फक्त परत आणू नका." रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

ताडपत्री काढली. मशीन हिरवंगार होतं. मालक दर वर्षी खंडेनवमीला मशिनांची पूजा करायचे आणि पूजेआधी प्रत्येक मशीन नवं दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट असायचा. आमच्याकडे आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून पूजाअर्चा नव्हती. त्यामुळे हळदकुंकू मालकांचं आणि रंगकाम अण्णांचं, अशी वाटणी होती. गोळी घासून जिथे चित्र उडालं तिथे आधी, आणि मग राहिलेल्या भागावरही, अण्णा दर वर्षी हिरव्या ऑइलपेंटचा हात देत आले. पाणबुड्या, मासे, खजिन्याची पेटी, सगळं अठरा थरांखाली गेलं होतं. त्यावर अण्णांनी स्वतःच्या कल्पनेनं दोन मासे काढले होते. ते म्हणाले, "बघ, एक ओरखडा नाही."

मी फोटो काढले.

कंपनीचं उत्तर मात्र वाटलं त्याहून बरं आलं. मशीनच्या डोक्यावर एक उभी काच असते. तिच्या मागच्या अंगानं चित्र रंगवलेलं असतं आणि त्यामागे दिवे लागतात. ती काच अण्णांनी कधी रंगवली नव्हती, कारण दिवे झाकले गेले असते. रंगाचे पोपडे निघाले होते, पण पाणबुड्या मूळचा होता. काच नीट स्कॅन झाली तर बाकीचं चित्र तिच्यावरून नव्यानं काढू, असं त्यांनी कळवलं. स्कॅन करणारा माणूस पुढच्या शनिवारी येणार होता.

घरी येऊन अण्णांना हे सांगताना मी रंगाचा विषय टाळला. तुम्हीच ते बुजवलंत, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, काच जरा फिकी वाटतेय त्यांना, शनिवारी माणूस बघायला येणार आहे. एवढंच. इतकी वर्षं या माणसाबरोबर राहून मला कळायला हवं होतं, की आपल्याकडे कुणी बघायला येणार म्हटलं की काय होतं.

शनिवारी सकाळी अण्णा आमच्याआधीच रिक्षा करून गोदामात जाऊन बसले होते. काच चकाकत होती. बुधवारी आणि गुरुवारी, मी ऑफिसला गेल्यावर, ते इथे आले होते. रंग मागून असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून पोपडे वरून झाकण्याचा अर्धवटपणा त्यांनी केला नाही. काच काढून मागचा सगळा रंग त्यांनी ब्लेडनं खरवडला आणि आठवणीतून नवा पाणबुड्या काढला. त्याच्या खांद्यांची रेघ पाण्यात बघावी तशी हलत होती. जुन्या रंगाचा चुरा त्यांनी व्यवस्थित झाडून टाकला होता.

स्कॅनवाला माझ्याकडे बघत राहिला. मला अण्णांवर ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एक वाक्य मी गिळलं होतं. ते मी बोलले असते तर ही काच वाचली असती.

"आता नाही ना फिकी वाटत?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. छान झालीय."

मी स्कॅनवाल्याला खुणेनं सांगितलं, करा. तो भला माणूस. तास-दीड तास त्यानं काचेच्या इंचाइंचावरून उजेड फिरवला. अण्णा शेजारी उभे होते. दिवे मागे कुठे बसतात, कुठला आधी लागतो, ते त्याला समजावून सांगत होते, आणि तो मान डोलवत होता.

सोमवारी मी यादीतली ती ओळ काढली. पहिल्या नियमात बसत नव्हती. मशीन निवडलं गेलं असं अण्णा धरून चाललेत आणि मी ते खोडून काढलेलं नाही. आमच्या इमारतीत त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. गेम आला की पहिल्यांदा मी खेळायचं, असं त्यांचं ठरलंय, कारण पार्लरमध्ये मुलींना आणत नसत आणि मला ते मशीन चालू असताना दाखवायचं राहून गेलं होतं.