घड्याळ आणि आमटीची बादली

बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला राहायला गेली, त्या हिवाळ्यात मी घड्याळ घेतलं. दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटा माणूस रविवारी करणार काय? बाजारात जाऊन नको ती वस्तू घेणार. दुकानदार म्हणाला, "सर, फर्स्ट कॉपी है. कंपनीवाला भी नहीं पहचानेगा." कंपनीवाला माझ्याकडे कशाला येतोय! पण ती सोनेरी डायल, तो जाडजूड पट्टा! माझ्या सरकारी मनगटावर ते असं चढलं, की आरशासमोर मीच मला सलाम ठोकायचा तेवढा बाकी होता.

व्हिडिओ कॉलवर बायकोला दाखवलं. "शोभतंय हं," ती म्हणाली, "फक्त पाण्यात घालू नका."

मग गंमत सुरू झाली. गेटवरचा गार्ड उठून उभा राहायला लागला. भाजीवाल्यानं फुकटची कोथिंबीर बंद केली. "साहब, धनिया भी तोल दूँ?" मी तोलून घेतली आणि वर खूश झालो. कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे, तेवढंच.

गणपती आले. आमच्या मराठी मंडळाच्या महाप्रसादात आमटीची बादली दरवर्षी माझ्याकडे. भाताला साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. ते पुढे, मी मागे. सगळे जेवून उठले की शेवटी वाढप्यांची पंगत सतरंजीवर बसते. तोवर भात तळाला लागलेला, जिलबीचे नुसते तुकडे उरलेले. पण गप्पा अशा रंगतात की कुणाला उठवत नाही. बायको गेल्यापासून माझ्या घरात मराठी फोनमधूनच यायची. त्या पंगतीची मी उन्हाळ्यापासून वाट बघत होतो.

बादली उचलली आणि बाही वर सरकली.

"आयला, भावा! लॉटरी लागली का काय?" सुभेदार ओरडले.

"अहो, नकली आहे."

"नकली घालणारा कधी नकली म्हणून सांगतो होय? आम्हाला बनवू नको!"

सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात सेक्रेटरी आले. "अरे, तुम्ही इथे कुठे? चलो, पुढे बसा." बादली माझ्या हातातून कुणी घेतली तेही कळलं नाही. देणगीदारांच्या सोफ्यावर मला बसवलं, मांडीवर नारळ दिला. शेजारचे गृहस्थ फोनवर फरीदाबादच्या कारखान्याबद्दल बोलत होते. थोड्या वेळानं समोर सुभेदार वाकून उभे.

"साहेब, भात?"

पडद्यामागे वाढप्यांची पंगत बसली तेव्हा मी नारळ धरून घरी निघालो होतो.

यंदा घड्याळ कपाटात ठेवलं, जुना कुडता घातला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बादलीशी उभा राहिलो. सुभेदारांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. पट्ट्याखालची कातडी तेवढीच गोरी राहिली होती.

"घालून आला नाहीत ते बरं केलंत, साहेब. गर्दीत महागाची वस्तू नकोच." आणि हळूच, अगदी मायेनं, कोपराला धरून त्यांनी मला सोफ्यापर्यंत पोचवलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "यंदा पंगतीला कोण कोण होतं हो?"

"सगळे होते," मी म्हणालो.