धारेच्या उलट वाहिलेले कोंडीमामा

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाय. मेंढरं घेऊन मसणवट्यात झोपलेला माणूस आहे मी. शाळा चौथी. लिहिण्यात चुकंल, सांगण्यात नाय.

आता गारखेड्यात पोराकडं राहतो. आमचं गाव पैठणच्या वर, गोदावरीकाठी. आम्ही गंगाच म्हणायचो. ते गाव धरणाच्या पोटात गेलं. गोष्ट त्याच्या आधीची, पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांतली. पुरात वरून ओंडके यायचे. रिवाज असा, की काठाला लागलेल्या ओंडक्यावर जो पहिला पाय ठेवील, त्याचा तो. म्हणून सगळे मला विचारायचे, "दादा, कुठं लागंल?" मी मूठभर चिपाडं पाण्यात टाकायचो, ती कशी जातात बघायचो आणि जागा सांगायचो. चुकायचो नाय.

मग लग्न झालं. रुक्मिण करमाडकडची, विहिरीपलीकडं पाणी न बघितलेली.

त्या सालच्या पुरात शेजारचे कोंडीमामा महादेवाच्या पायऱ्यांखाली ओंडका धरायला गेले आन् वाहून गेले. मी चिपाडं टाकली. म्हणालो, "खालच्या वळणाला बघा."

मागून रुक्मिण हळूच म्हणाली, "वर बघा. महादेवाच्या पायऱ्यांच्या बी वर."

लोक हसले. "दादा, वैनीला गंगा उलटी दिसती व्हय!"

पण मामी वर पळाली... मामा तिथंच! बाभळीला मिठी मारून, जिवंत. इंजिनियर नातू म्हणतो, "आबा, उलटा करंट असंल." असतो, मला ठाऊक आहे. पण तो चार हात नेतो, पायऱ्यांच्या वर नाय नेत.

त्यानंतर लोक दारात यायचे, मी समोर बसलेला असताना विचारायचे, "वैनी हायत का?" जीव नुस्ता जळायचा. ओंडक्यांचं सोडा... हिला सांगतंय कोण? नावाडी? कुणी दुसराच? शेवटी विचारलंच.

भाकरी थापता थापता म्हणाली, "कोण म्हंजे? तुम्हीच की. आदल्या रातीच झोपंत सांगता."

"मी?"

"व्हय. लई गोड बोलता. जागेपणी तसं कधी बोलला नाय."

रुक्मिण जाऊन बरीच वर्षं झाली. घरात सगळ्यांना विचारून बघितलं. म्हणतात, "आबा, तुम्ही झोपंत फक्त घोरता."

मग माझ्या तोंडानं माझ्या बायकोशी गोड बोलणारा तो कोण होता? उत्तर आजपर्यंत नाय. एवढंच कळतं, की ती त्याच्यावर खूश होती.