पायाळूचा पाय आणि अर्नाळ्याची म्हातारी

"काकूला सातव्या महिन्यात कमरेत अशी उसण भरली की तिला जागचे हलवेना. तेव्हा आमच्या वडिलांनी तिच्या कमरेला पाय लावला, आणि काकू तिथल्या तिथे उठून विहिरीवर पाण्याला गेली."

हे विधान माझ्या पुतण्याचे. घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठल्यावर, तो ते नव्या सुनांना ऐकवतो. मी समोरच बसलेला असतो. "काका, बरोबर ना?" असे विचारून तो उत्तराची वाट न पाहता पुढच्या गोष्टीला हात घालतो. ती काकू म्हणजे माझी पत्नी. तिची कंबर दुखत होती एवढे सोडले तर त्या विधानात खरे काही नाही.

प्रथम माझ्या थोरल्या भावाविषयी, म्हणजे या पुतण्याच्या वडिलांविषयी. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळूने पाय लावला की कमरेची उसण जाते, अशी समजूत आमच्याकडे सर्वत्र होती. दादा पायाळू. जन्माला येण्याची पद्धत चुकली, एवढ्या एका कर्तृत्वावर त्यांनी आयुष्यभर मान मिळवला. आगाशी, निर्मळहून माणसे वाकून येत आणि दादा ओट्यावर उभे राहून त्यांना लाथेचा प्रसाद देत. कोणी बरे झाले तर तो पायाचा गुण. न झाल्यास त्या माणसाची श्रद्धा कमी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. नंदाखालला आमची केळीची वाडी होती आणि पत्नीची पहिली खेप होती. सातवा महिना लागला आणि तिची चाल बिघडली. जांघेपासून मागे कमरेपर्यंत कळ जाई. कूस बदलताना ती दातांत पदर धरी. आई म्हणाली, "आम्ही काय बाळंत झालो नाही? पाच पोरं झाली, रहाटाचा बैल थांबला असेल, मी नाही थांबले." वसईच्या डॉक्टरांनी ओटीपोट तपासले आणि बाळंतपणानंतर आपोआप जाईल, असे सांगून हात धुतले. पत्नीची भीती मात्र निराळीच होती. एका दुपारी ती मला म्हणाली, "एक पाय दुसऱ्यापासून वीतभर लांब नेता येत नाही मला. मग मूल येणार कुठून?" हा प्रश्न मी आईच्या कानावर घातला. तिने तडक दादांना बोलावले.

एरवी धाकट्या भावजयीच्या खोलीवरून जाताना दादा दोनदा खाकरत असत. त्या सकाळी मात्र सगळ्या घरादेखत त्यांनी डावी टाच तिच्या कमरेला लावली. माझा विरोध मी स्पष्ट शब्दांत नोंदवला. पुतण्याची बहीण म्हणते, मी तेव्हा वाडीत केळीला पाणी देत होतो. वाडीत असणे आणि दारात उभे असूनही कोणी न विचारणे, या दोन गोष्टींत फरक आहे.

पत्नी उठली, हे मी मान्य करतो. "बरं वाटतंय," असेही ती म्हणाली. घर आनंदले. ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि भिंत धरून उभी राहिली. मी जवळ गेलो तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बरं वाटतंय असं नसतं म्हटलं," ती कुजबुजली, "तर भावजींनी दुसरा पाय लावला असता."

दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली. पावसाळ्याची सुकट आणायची आहे, असे घरी सांगितले. सुकटीच्या खरेदीला गरोदर बायको कशाला, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. गाडीत पेंढा पसरून ती कुशीवर निजली, प्रत्येक खड्ड्याला तिने माझा उद्धार केला आणि आम्ही अर्नाळ्याला पोहोचलो. तिथे एक कोळीण म्हातारी हाडे बसवत असे. होडीवर खांदा निखळलेले आणि माडावरून पडलेले सगळे तिच्याच दारी येत. माझी समजूत होती की ती मला मान देईल.

"दुखतंय कोनाला? तुला का हिला?"

"हिला. गेले पंधरा दिवस तिच्या—"

"मग तू कशाला बोलतंस? भायेर बस."

मी बाहेर बसलो. तिथे मी रडत होतो अशी एक आवृत्ती घराण्यात प्रचलित आहे. माझ्या डोक्यावर बोंबील वाळत घातलेले होते. त्यांच्याखाली बसून ज्याचे डोळे कोरडे राहतील त्याने पुढे यावे.

आत काय झाले ते पत्नीने नंतर सांगितले. म्हातारीने तिला डाव्या कुशीवर निजवले, गुडघ्यांत गोधडीची वळकटी दिली आणि दोन्ही तळहातांनी कमरेची हाडे बराच वेळ सावकाश दाबून धरली. मग वळकटी काढून स्वतःची मूठ गुडघ्यांमध्ये ठेवली आणि ती हळूहळू दाबायला लावली. हिसका नाही, ओढाताण नाही. नंतर एक लांब पटका पोटाखालून कमरेभोवती घट्ट गुंडाळला आणि मला आत बोलावले.

"वाडी हाय तुमची?"

"केळीची आहे."

"पाट किती?"

"पाट?"

"पानी सोडायचे पाट रे! ही इहिरीवर जाताना किती वलांडते?"

वाडीत किती केळी आहेत हे मी झोपेतही सांगितले असते. पाट मी मोजले नव्हते. मी बोटांवर मोजू लागलो तेव्हा पत्नी म्हणाली, "अकरा. येताना पुन्हा अकरा."

"ऐकलंस? कमरेवर कळशी, पोटात पोर, नि ही एका पायावर उभी राहून दुसरा पाय लांब टाकते. ही उसन नाय. पोराला वाट द्यायला म्होरचा सांधा सैल झालाय, नि तुमी त्याला रोज फाकवताय."

मी दादांच्या पायाची हकिगत सांगितली. म्हातारी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. "लाथेनं सांधा बसता तर माझ्याकडं कोन आलं असतं? गावात लाथा मारनारे काय कमी हायत?"

मूल येणार कुठून, हा प्रश्न पत्नीने आता तिला विचारला. म्हातारी हसायची थांबली. "पोर यायचं तिथनंच येल, बाय. कुशीवर बाळंत हो. सुइनीला सांग, मांड्या ओढू नको."

परतल्यावर मी पडलेल्या माडाचे खोड फोडून अकरा पाटांवर फळ्या टाकल्या. दादा ओट्यावरून म्हणाले, "इंग्रज गेले रे, आता पूल कोणासाठी बांधतोस?" पाणीही मीच भरले. ते मी कळशी खांद्यावर घेऊन भरले. कमरेवर घेतली होती असे जे पुतण्या सांगतो, ते त्याचे सर्वांत नीच असत्य होय. तीन आठवड्यांनी पत्नी भिंत न धरता विहिरीपर्यंत जाऊन आली. पुढे कुशीवरच बाळंत झाली. मुलगी झाली, आणि दोघींचे पाय धड होते.

यावर दादांचे म्हणणे असे की पायाचा गुण सावकाश येतो. मुलगा म्हणतो तिथल्या तिथे, बाप म्हणत असे सावकाश. त्यांनी आधी आपसांत ठरवावे. पटका केवळ दिखाऊ होता, फळ्या माझी हौस होती, असेही सांगितले जाते. या सगळ्याचा स्वतंत्र प्रतिवाद मी करू शकतो, परंतु त्याची गरज नाही.

तीन वर्षांनी दुसऱ्या खेपेला पाचव्याच महिन्यात तिला तीच कळ आली. दादा घरी होते, त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. मी विहिरीवर होतो आणि पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, "भावजी, अर्नाळ्याला जायचंय," एवढेच म्हणाली, आणि दादांनी स्वतः उठून गाडी जुंपली.