पॅन कार्ड लपवल्याचं शहाणपण

चहा घ्या आधी, म्हणजे माझी फजिती जरा गोड लागेल. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका.

गेल्या साली एका कंपनीचा टोमॅटो आमच्या गावातनं, डिंगोऱ्यातनं, पुण्याला न्यायचं काम माझ्या पिकअपला मिळालं. गाडी एकच, तीबी कर्जाची. बिल वेळेवर आलं तरच हप्ता जाणार आणि गाडी दारात राहणार, असा मामला.

करार आला चार पानी. पाचव्या कलमात 'करकपात' दिसलं आणि मी सावध झालो. आपला जन्म मार्केटात गेलाय राव! आडत्यानं हिशेबाच्या पट्टीवर हमाली, तोलाई कापली की कधी परत आलीय का? त्याच कलमात पॅन कार्ड मागितलेलं.

"अवो, पुढचं वाचा की," सुनंदा म्हणाली. माझी बायको. घाटघरची, बचत गटाचं सगळं दप्तर हिच्याकडं.

"तू गप. कार्डच दिलं न्हाई तर कापतील कुठनं?"

कंपनीच्या साहेबांनी तीनदा कार्ड मागितलं, मी तीनदा विषय बदलला. गावातल्या दोन गाडीवाल्यांनाही ही युक्ती शिकवली. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून वाचले.

महिना भरला. बिलातला पाचवा हिस्सा गायब! हप्ता दोन दिवसांवर आलेला. माझं तोंड बघवत नव्हतं.

सुनंदानं कलमावर बोट ठेवलं. "वाचा मोठ्यानं."

वाचलं. पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं पत्र दिल्यास कपात नाही. पॅन न दिल्यास वीस टक्के.

"म्हंजे दिलं असतं तर रुपयाबी गेला नसता?"

"न्हाई. आन् कापलेलं सरकारात तुमच्या नावावर लागायलाबी तेच कार्ड लागतं."

बाई चिडली नाही, टोमणा नाही. गटातनं हप्त्यापुरतं कर्ज उचललं. कंपनीच्या नारायणगावच्या ऑफिसात जाऊन कार्ड दिलं, पत्र दिलं, त्यांच्याकडनं मागची नोंद दुरुस्त करून घेतली. साल सरल्यावर रिटर्न भरून सगळा परतावा आणला. लई अभिमान वाटला मला, खोटं कशाला बोलू.

मागच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. मला वाटलं, करार वाढवणार. छाती काढून म्हणलं, "बोला, गाडी कधी लावू?"

"गाडीचं बघू भाऊ. वहिनी आमच्याकडं हिशेबाला येतील का?"

आता रोज सकाळी मीच तिला पिकअपनं ऑफिसात सोडतो. कायमचं गिऱ्हाईक मिळालं, आणि त्यात एका रुपयाची कपात नाही. भाडंच देत नाही, तर कापणार काय?